क्वायर वेल्सला जातोय, स्पर्धेत उतरायचं की नुसतं गायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरच्या धरमपेठेतले बावीस जण, एकत्र गाणारा गट (क्वायर), पुढच्या जुलैत वेल्सला लँगोलेन गावच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवाला जायचं ठरतंय. महायुद्धानंतर देशादेशांत मैत्री वाढावी म्हणून 1947 ला सुरू झालेला, पण तिथे स्पर्धा पण असतात आणि आमच्यातले अर्धे म्हणतात एवढे पैसे घालून चाललो तर नंबरासाठीच गाऊ. मला तर तिथल्या लोकांच्या हाती टिपऱ्या देऊन आपल्या विदर्भातली भुलाबाईची गाणी (मुलींची लोकगीतं) शिकवायची आहेत. परवा तालमीत एकच कडवं इतक्यांदा घोटलं की ज्या काकूंकडून ही गाणी मिळाली त्यांचा आवाजच बसला, डोळे भरून आले त्यांचे, फार वाईट वाटलं. स्पर्धा सोडून तिथल्या शाळेत, चर्चमध्ये गायला मिळतं का, आधी कोणाशी बोलावं लागतं? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा ना प्लीज.