क्रोमच्या पट्टीवर रंग टिकत नाही, मदत हवी आहे

बोरिवली_स्लो: ग्रिलची क्रोम पट्टी काळी करायची आहे. दोनदा स्प्रे मारला, दोन्ही वेळा पापुद्रा सुटला. परवा तर नखाने कड उचलली आणि बोटभर लांब साल निघाली, दुधावरच्या सायीसारखी. रविवारी साखरपुड्याला गाडी न्यायची आहे. लवकर सांगा.

गॅरेजवाला_नाही: पट्टी लोखंडाची की प्लास्टिकची? घासायचा पेपर मारला होता का?

बोरिवली_स्लो: क्रोम ते क्रोम, काय फरक पडतो? पेपर नाही मारला, ओरखडे पडतील ना.

गॅरेजवाला_नाही: अहो, ओरखडेच पाडायचे आहेत! क्रोम काचेसारखं गुळगुळीत, रंग धरणार कशाला? आधी साबणाने धुवा, मग मेण-तेल पुसा. हे आधीच, नाहीतर पेपर तेच मेण ओरखड्यात घासतो. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा), वर त्याहून बारीक ४००. कुठेही चकाकी उरता कामा नये. शेवटी पाणी ओता. थेंब बनले तर तेल बाकी आहे, सपाट पसरलं तर झालं.

चाळीतला_नारद: एवढी झटापट कशाला? सीएसटी रोडला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन काळं व्हिनाइल (चिकट फिल्म) चिकटवून आणा.

जुनी_पद्मिनी: असल्या चिकट फिल्मच्या कडा उन्हात उचलतात. प्लेटिंगवाल्याकडून क्रोम उतरवून घ्या, तेच खरं. आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे बंपर बघायला हवे होते, आजकालचं सगळं…

गॅरेजवाला_नाही: काका, पट्टी प्लास्टिकची असेल तर? आणि हे उतरवायला घरी ॲसिड आणू नका, कोणीही.

मीठमिरची: टूथपेस्टने घासा, आरशासारखी चमकेल.

बोरिवली_स्लो: चमक नकोय हो, काळी करायची आहे!! चुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणजे प्लास्टिक?

गॅरेजवाला_नाही: तेवढ्यावरून नाही. जस्ताच्या ओतीव पट्टीलाही चुंबक चिकटत नाही. टिचकी मारा, आवाज सांगा.

बोरिवली_स्लो: टप्प. डब्याच्या झाकणासारखा. एका टोकाला फोडही आहेत, ते सांगायचं राहिलं.

जुनी_पद्मिनी: हे आधी सांगायचं! फोडावर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारलात तर फोडासकट निघेल. सुटलेलं क्रोम काढून कड पेपरने उतरती करा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. ओलंच घासा, क्रोमची पूड नाकात नको, मास्क लावा.

गॅरेजवाला_नाही: काकांशी सहमत (एकदाचं). उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर, मग सगळीकडे इपॉक्सी प्रायमर. एच (etch, ॲसिडवाला) प्रायमर धातूसाठी, इथे नको. रंगाचे पातळ हात द्या, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. पाऊस असेल तर बेत पुढे ढकला, दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो.

चाळीतला_नारद: साखरपुडा कुणाचा?

बोरिवली_स्लो: माझाच. फोड टोकरला, हाताच्या नखाएवढं क्रोम निघालं, खाली पिवळसर प्लास्टिक दिसतंय. नागदेवी स्ट्रीटची हार्डवेअरची दुकानं उद्या उघडी असतील का?