मोडक्या मराठीवर विसंबू नका
"फसवणारा मोडकं मराठी बोलतो, लगेच ओळखू येतो," असं फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगितलं जातं, पण ते आता खरं राहिलेलं नाही. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं एआय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच दाखवलं होतं. खानापुरात आमच्या शेजारच्या काकूंना पुण्यातल्या भाच्याच्या हुबेहूब आवाजात फोन आला, "मावशी, अपघात झालाय, पैसे पाठव." काकूंनी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावला, तर तो कामावर होता.

याला बचावाचीही एक बाजू आहे. फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलेली भाड्याची खाती, म्हणजे कमिशन देऊन दुसऱ्यांकडून घेतलेली बँक खाती, हुडकणारं 'म्यूलहंटर' हे एआय रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने बनवलंय. डिसेंबर २०२४ मध्ये ते जाहीर झालं. म्हणून निपाणी-चिकोडीकडच्या कॉलेजच्या पोरांना कळकळीने सांगतो, कमिशनसाठी पासबुक, सिमकार्ड कुणाच्या हाती देऊ नका. आणि पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा नंबर लावा.