४ ग्रे घातक, मग ५० ग्रेचे शेक माणूस कसा सोसतो?

कोयनाकाठ:
नमस्कार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी माझ्या आईला ओटीपोटावर शेक (किरणोपचार) चालू आहेत. रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवसांत ५० ग्रे द्यायचे असून त्यांपैकी १४ शेक झाले आहेत. तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले आणि दर सोमवारी होणाऱ्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ६,८०० वरून ३,१०० वर आल्या. मी वाचले त्यानुसार शरीराला ४ ग्रेच्या आसपास किरणोत्सर्ग मिळाला आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. आई मात्र २८ ग्रे घेऊनही काल पेज पिऊन शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून वाद घालत होती. हा हिशेब कसा जुळतो, आणि नेमके पोट व रक्त यांवरच आघात का होतो?

सूक्ष्मदर्शी:
४ ग्रे हा आकडा संपूर्ण शरीराला थोड्या वेळात मिळालेल्या मात्रेचा आहे. आपल्या आईंचे ५० ग्रे ओटीपोटापुरते आणि हप्त्याहप्त्याने दिलेले आहेत. ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीत शोषली गेलेली १ जूल ऊर्जा, त्यामुळे किती किलो ऊतीला ती मिळाली हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. ‘शेक’ हा आपला शब्दही थोडा फसवा आहे. ४ ग्रेने शरीराचे तापमान जेमतेम एक हजारांश अंश सेल्सिअस वाढते, म्हणजे कपभर चहासुद्धा त्याहून जास्त ऊब देतो. खरी इजा डीएनएला होते. त्याचे दोन्ही धागे तुटलेली पेशी बरेचदा काही काळ ठीक दिसते आणि विभाजनाची वेळ आली की मरते.

म्हणूनच जिथे विभाजन अखंड चालते, तिथे घाव आधी दिसतो. लहान आतड्याचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बोटांसारखे उंचवटे आणि त्यांच्या बुडाशी खोल खळगे दिसतात. खळग्यांच्या तळाशी जन्मलेल्या पेशी वर सरकत सरकत टोकाला पोहोचतात आणि ३ ते ५ दिवसांत गळून पडतात. किरणांनी तळाची रोपवाटिका बंद पडते, पण वरचे उभे पीक आणखी काही दिवस टिकते, आणि ते झडले की अस्तर उघडे पडते.

रक्ताचेही तसेच आहे, फक्त वेळापत्रक वेगळे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे रक्तस्राव झाला नाही तर त्या सावकाश घटतात. प्लेटलेट ८ ते १० दिवसांच्या सोबती. न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर फिरतात, मात्र रक्त बनवणाऱ्या हाडांतील मज्जेतला साठा काही काळ पुरतो. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी याला अपवाद आहेत. त्या विभाजनाची वाट न पाहता काही तासांतच मरू लागतात, आणि म्हणूनच अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांत त्यांची मोजणी पुन्हा पुन्हा करून मात्रेचा अंदाज बांधतात.

उंबरठा:
वरील उत्तराला एक प्रत्यक्ष घटना जोडतो. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधील तोकाईमुरा येथील अणुइंधनाच्या कारखान्यात युरेनियमचे द्रावण मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात एकाच टाकीत ओतले गेले आणि तिथेच अणू फुटण्याची (विखंडनाची) साखळी सुरू झाली. टाकीजवळच्या दोघांपैकी एकाला सुमारे १६ ते २० ग्रे, दुसऱ्याला ६ ते १० ग्रे आणि पलीकडच्या खोलीत मेजाशी बसलेल्या तिसऱ्याला १ ते ४.५ ग्रे मात्रा मिळाली. (न्यूट्रॉनही असल्याने हे आकडे गॅमा किरणांच्या तुल्य मानायचे.) पहिल्याच्या लिम्फोसाइट जवळपास नाहीशा झाल्या. त्याला बहिणीच्या मूलपेशी (ज्यांपासून नव्या रक्तपेशी बनतात त्या) देण्यात आल्या आणि त्या काही काळ रुजल्याही, पण आतड्याचे अस्तर आणि त्वचा पुन्हा उगवली नाही. ८३व्या दिवशी तो गेला. दुसऱ्याला नाळेतील रक्ताच्या मूलपेशी दिल्या होत्या, तो सुमारे सात महिने झुंजला. तिसऱ्याची मज्जा सावरली आणि तो डिसेंबरमध्ये घरी गेला.

माझ्या मते यातील कळीचा मुद्दा असा की, मज्जा बाहेरून देता येते, आतडे तसे देता येत नाही. अस्तर उघडे पडले की पाणी आणि क्षार वाहून जातात, आतड्यातील जिवाणू रक्तात शिरतात, आणि त्यांना अडवणारे न्यूट्रोफिल नेमके त्याच सुमारास संपलेले असतात.

कोबाल्टकाका:
मी बरीच वर्षे शेक देण्याच्या यंत्रावर काम केले, त्या अनुभवावरून लिहितो. दोन शेकांमध्ये मुद्दाम दिवसाचे अंतर ठेवतात, कारण त्या वेळात निरोगी पेशी तुटलेला डीएनए बऱ्याच अंशी सांधून घेतात, तर कर्करोगाच्या पेशींना ते सहसा तितके नीट जमत नाही. छातीचे हाड, बरगड्या आणि मणक्याचा वरचा भाग किरणांच्या बाहेर असतो, त्यामुळे तिथली मज्जा रक्त बनवत राहते. प्रौढ माणसाच्या कार्यरत मज्जेचा मोठा वाटा मात्र कटीच्या हाडांतच असतो, म्हणून पेशी घटतात. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध चालू असेल, तर तेही त्यात भर घालते. दूध पचवणारे विकर आतड्याच्या त्या उंचवट्यांवरच असते, त्यामुळे या दिवसांत दुधाने जुलाब वाढू शकतात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा लघवी कमी झाली, तर सोमवारच्या तपासणीची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

कोयनाकाठ:
आईला दर बुधवारी सिस्प्लॅटिन देतात, हे लिहायचे राहून गेले होते. दुधाचा चहा दिवसातून चार वेळा होतो. उद्यापासून कोरा देते आणि बुधवारी डॉक्टरांना दुधाबद्दल विचारते.