कामावर हाताला झालेली इजा आणि त्यानंतरचे कागद: तुमचे अनुभव लिहा

सात वर्षांपूर्वी प्रेसवर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, दोन्ही मधल्या पेरापासून. मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय, म्हणजे वरून दाबणारा साचा, खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण नग वाढावेत म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं. प्रत्येक शिफ्टला ते माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कागद आला: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' मी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली, कारण मलाही तसंच वाटत होतं.

हे वाटणंच सगळ्यात महागात पडतं. चूक कोणाची हे न पाहता जखमी कामगाराला भरपाई द्यायची, हे तत्त्व जर्मनीच्या १८८४ च्या अपघात विमा कायद्यापासून चालत आलंय आणि पुढे अनेक देशांनी ते घेतलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६३ चा ११९ क्रमांकाचा करार तर स्पष्ट म्हणतो की गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक आवरण, जागेवर नसताना कामगाराने मशीन वापरू नये आणि त्याला तसं वापरायला लावूही नये. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. इजेबद्दल लिहाच, पण नंतर कोण काय बोललं, कुठे सही घेतली, तेही लिहा.

मोठ्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी
काचेचा पेला हातातच फुटला. तळव्यावर जेमतेम दोन बोटांएवढी जखम. चार टाके घातले आणि घरी पाठवलं. आठवड्याने लक्षात आलं की करंगळी वळतच नाही. आतला टेंडन, म्हणजे बोट वळवणारा स्नायूचा दोर, तुटला होता आणि तोवर त्याचं टोक आत ओढलं गेलं होतं. हाताच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की टाके घालण्याआधी प्रत्येक बोट वेगवेगळं वाकवून बघायला हवं होतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात हलू नये म्हणून आधाराची पट्टी. रजेचा पगार मागितला तर उत्तर मिळालं, 'चार टाक्यांना एवढी सुट्टी?' पहिल्या चिठ्ठीवर फक्त 'किरकोळ जखम' लिहिलेलं होतं.

ड्रिलवाला
हातमोजे घालून फिरत्या ड्रिलजवळ जाऊ नका. मोजा गुंडाळला गेला आणि त्याच्यासोबत अंगठा ओढला गेला. मोजे घालायला सुपरवायझरनेच सांगितलं होतं.

एका रंगाऱ्याची बायको
ह्यांच्या बोटात स्प्रे गनचा जोराचा फवारा घुसला. वरून पाहिलं तर टाचणी टोचल्यासारखं छिद्र, रक्तही नाही. हे हात धुऊन परत कामाला लागले. रात्री बोट टम्म फुगलं, वेदनेने झोप नाही. दाबाने आत गेलेला रंग बोटभर पसरतो आणि मांस आतून मरतं. लगेच ऑपरेशन करून तो धुऊन काढावा लागतो. आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. बोट काढावं लागलं. मालकाचं म्हणणं, 'दिवसभर काम केलं, मग अपघात कामावर कसा?' सोबतच्या दोघांनी लेखी जबाब दिला म्हणून निभावलं. त्या दोघांचे उपकार विसरणार नाही.

पॅकिंग लाइनवरची
माझा एका दिवसाचा अपघात नाहीच, म्हणून लिहू की नको असा विचार करत होते. वर्षानुवर्षं मनगट एकाच तऱ्हेने वळवून रात्री बोटं बधीर व्हायला लागली. कार्पल टनेल निघालं, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा आजार. फॉर्मवर अपघाताच्या तारखेचा रकाना होता आणि मी तिथेच अडले.

धागाकर्ता
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच श्रम संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात अपघात आणि कामामुळे जडलेला आजार दोन्ही धरले आहेत. त्रास पहिल्यांदा कधी सांगितला, कोणत्या डॉक्टरांना दाखवलं, ती तारीख आणि ती चिठ्ठी जपून ठेवा.

लाकूड कापणारा
भावाचं बोट करवतीवर तुटलं. आम्ही घाबरून तुकडा थेट बर्फात टाकला. गारठून खराब झाला, जोडता आला नाही. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. हे भिंतीवर लावायला काही खर्च नव्हता.

धागाकर्ता
आमच्याकडे कोणाला लागलं की आता मी दवाखान्यात सोबत जातो. मशीनचा नंबर, गार्ड होता का, शिफ्टचा कितवा तास, कोण जवळ होतं, हे सगळं त्याच दिवशी लिहून घेतो. वाचून दाखवल्याशिवाय कशावरही सही करू देत नाही.