रिमोट नोकरीचा शोध आणि पडद्यावरची मुलाखत : आपापले अनुभव लिहा

रिमोट, म्हणजे कार्यालयात न जाता दुरून करायची, नोकरी शोधणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार कानावर येते : अर्ज पुष्कळ केले, पण उत्तर कुठूनच आले नाही. माझे मत असे आहे की या भरतीत उमेदवार समोर बसलेला नसतो, त्याने लिहिलेले तेवढेच समोर असते. त्यामुळे शोध काय किंवा मुलाखत काय, दोन्हींची खरी तयारी नेमके लिहिण्यात आणि नेमके वाचण्यात आहे. हे माझ्या क्षेत्रापुरतेच खरे आहे की इतरत्रही लागू पडते, हे समजून घेण्यासाठी निरनिराळी कामे करणाऱ्या मंडळींना मी मुद्दाम लिहिण्याची विनंती केली. केवळ 'नोकरी मिळाली' असे न सांगता ती कुठे सापडली, काय विचारले गेले आणि आधीच्या कोणत्या तयारीचा उपयोग झाला, हेही लिहावे असे सुचवले होते. आलेले अनुभव पुढे देत आहे. आपणही आपल्या अनुभवाची भर घालावी.

सॉफ्टवेअर चाचणीचे काम करणारी एक अभियंता

जाहिरातीत वरच्या ओळीत काहीही लिहिलेले असो, मी आधी शेवटचा परिच्छेद वाचते, कारण कोणत्या देशांतील उमेदवार चालतील आणि कोणत्या वेळेत हजर राहावे लागेल, हे बहुधा तिथे लिहिलेले असते. यामागे कायदेशीर कारण आहे. एखाद्या देशातील माणसाला कर्मचारी म्हणून नेमायचे, तर कंपनीची तिथे नोंदणी असावी लागते, नाहीतर 'डील' किंवा 'रिमोट' या नावांच्या कंपन्यांसारख्या मध्यस्थ संस्थेमार्फत नेमणूक करावी लागते; तेही नको असेल तर कंपनी उमेदवाराला स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेते. हे लक्षात आल्यापासून मी अर्ज कमी करते आणि उत्तरे जास्त येतात. वी वर्क रिमोटली आणि रिमोट ओके या संकेतस्थळांवर मी नजर ठेवत असे, हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चेच्या संकेतस्थळावर दर महिन्याला निघणारी भरतीची चर्चाही वाचत असे. पण माझी नोकरी मिळाली ती एका कंपनीच्या स्वतःच्या भरतीच्या पानावर. मोठ्या संकेतस्थळांवरची जाहिरात हजारो लोक पाहतात, तर कंपनीच्या पानापर्यंत तेच पोहोचतात ज्यांना त्या कंपनीत खरोखर रस असतो.

अर्जासोबत मी एका मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा) प्रकल्पात नोंदवलेल्या दोषांचे दुवे दिले होते. दोष पुन्हा कसा घडवून आणायचा, अपेक्षित काय होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे प्रत्येक नोंदीत क्रमाने लिहिलेले होते. मुलाखतीचा निम्मा वेळ त्या नोंदींवरच बोलण्यात गेला.

ग्राहक साहाय्य विभागातील एक गृहस्थ

माझ्या कामासाठी कॅमेऱ्यासमोरची मुलाखत अगदी शेवटी झाली. आधी लेखी चाचणी होती : रागावलेल्या ग्राहकाच्या पत्राला उत्तर लिहायचे होते आणि तेच प्रकरण आपल्या तांत्रिक सहकाऱ्यासाठी थोडक्यात मांडायचे होते. एकाच घटनेचे दोन वाचकांसाठी दोन प्रकारे लेखन करता येते का, हे त्यातून पाहिले जाते. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी तर लेखी संभाषणातून घेतलेल्या मुलाखतींसाठी आणि मोबदला देऊन करून घेतलेल्या चाचणी कामासाठी ओळखली जाते. अशा मुलाखतीची तयारी आरशासमोर बोलून होत नाही, त्यासाठी रोज लिहावे लागते. गिटलॅब या कंपनीने आपली कार्यपद्धतीची पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिथे अर्ज करायचा नसला तरी ती वाचावी, कारण एकमेकांपासून दूर बसलेले लोक निर्णय कसे नोंदवतात आणि बैठक न घेता काम पुढे कसे नेतात, हे तिच्यातून कळते.

एक भाषांतरकार

मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती वेळेची. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते, तर युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी. ते मागे येते ते युरोपीय संघात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत नेहमीचा पाठ असलेला फरक चुकतो, आणि ज्या देशांत घड्याळ बदलतच नाही तिथल्या उमेदवाराला हे ध्यानात राहणे कठीण. म्हणून मी मुलाखतीची वेळ कळवताना माझी स्थानिक वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशा दोन्ही वेळा लिहितो आणि 'बरोबर आहे ना?' असे विचारून लेखी होकार घेतो.

शिक्षिकेची नोकरी सोडून अभ्यासक्रम तयार करण्याकडे वळलेल्या एक ताई

माझी पहिली फेरी माणसाशिवाय झाली. पडद्यावर प्रश्न येई, विचार करायला थोडा अवधी मिळे आणि मग ठरावीक वेळेत उत्तर ध्वनिचित्रमुद्रित करावे लागे. वर्गात समोरच्या चेहऱ्यांवरून आपले बोलणे पोहोचते आहे की नाही हे कळते. इथे तो आधार नसतो. मी परिस्थिती, माझी जबाबदारी, मी केलेली कृती आणि तिचा परिणाम या क्रमाने काही प्रसंग आधी कागदावर लिहून काढले होते. वाक्ये पाठ केली नव्हती, केवळ क्रम पक्का केला होता, त्यामुळे एकच प्रसंग दोन-तीन निरनिराळ्या प्रश्नांना नीट लावता आला.

यंत्रसामग्रीविषयी थोडेसे. प्रकाश समोरून यावा, पाठीमागे खिडकी नसावी आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. इंटरनेटचा वेग तपासताना आपण डाउनलोडचा आकडा पाहतो, पण आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोहोचवण्याचे काम अपलोडचा वेग करतो. शक्य असल्यास वाय-फायऐवजी केबल जोडावी, फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवावा आणि संपर्क तुटल्यास कोणत्या क्रमांकावर बोलायचे हे आधीच ठरवून घ्यावे.

भरती करणाऱ्या बाजूने मुलाखती घेणाऱ्या एक व्यवस्थापिका

दुसऱ्या पडद्यावरून उत्तर वाचणारा उमेदवार ओळखू येतो : डोळे एका रेषेत फिरतात आणि अनुभवाबद्दलचा पुढचा प्रश्न विचारताच भाषेचा पोत बदलतो. टिपणे समोर ठेवायला माझी हरकत नसते, उमेदवाराने तसे सांगितले तर उलट बरे वाटते. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून माझे वाक्य संपल्यावर किंचित थांबून बोलणारा माणूस मला सहकारी म्हणून आश्वासक वाटतो. 'तुम्ही अडलात आणि विचारायला कोणी जागे नव्हते, तेव्हा काय केलेत?' हा प्रश्न मी जवळपास प्रत्येकाला विचारते. मला धाडसाची कथा नको असते. काय तपासले, काय लिहून ठेवले आणि कोणता निर्णय दुसऱ्यांसाठी राखून ठेवला, हे ऐकायचे असते.

लेखा विभागातील एक काका

मला एकदा कुणाचा चेहरा न पाहता, केवळ एका संदेश-ॲपवरील संभाषणावरून, नोकरी देऊ करण्यात आली. लॅपटॉप विकत घेण्यासाठी धनादेश पाठवतो, उरलेली रक्कम अमुक खात्यात वळती करा, असे त्यांचे म्हणणे होते. खात्यात रक्कम दिसली म्हणजे धनादेश वटला असे नसते. तो पुढे परत गेला तर आपण पाठवलेले पैसे आपल्याच खिशातून जातात. मी व्यवहार तिथेच थांबवला. नोकरीसाठी कोणत्याही निमित्ताने पैसे मागणे, ईमेल पत्त्यातील डोमेन (@ नंतरचा भाग) कंपनीच्या संकेतस्थळाशी न जुळणे आणि कराराआधीच बँकेचा तपशील मागणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर कंपनीच्या अधिकृत पानावरील पत्त्यावर लिहून खातरजमा करावी.

खऱ्या नोकरीतही विचारायचे पुष्कळ असते. मी कर्मचारी असेन की कंत्राटदार, पगार कोणत्या चलनात, कर कोण भरणार, सुट्ट्या कोणत्या देशाच्या दिनदर्शिकेप्रमाणे आणि उपकरणे कोणाची, हे प्रश्न मी शेवटच्या फेरीनंतर एकाच ईमेलमध्ये विचारले. ज्या कंपनीने सर्व उत्तरे लिहून पाठवली, तिथेच मी रुजू झालो.