मसाल्याच्या पाकिटासाठी लोगो: छापायला देण्याआधी काय तपासायचं?

वरवंटा:
कांदा-लसूण मसाल्याच्या 50 ग्रॅमच्या पाकिटांसाठी नवा लोगो करून घेतोय. नमुन्यात मिरची, खलबत्ता, मागे उगवता सूर्य आणि खाली बोरूच्या वळणात नाव, शेवटी 'गृहोद्योग' हा शब्दही. मोबाइलवर झकास दिसतो. पाकीट, खोक्यावरचा रबरी शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी, टेम्पोची पाटी, सगळीकडे हाच जाणार. पैसे चुकते करण्याआधी काय पाहावं?

शिरोरेघ:
मोबाइल बाजूला ठेवा. साध्या कागदावर फक्त काळ्या रंगात, 15 मिमी रुंदीत प्रिंट काढा आणि हात लांब करून बघा. खलबत्त्याचा ठिपका आणि मिरचीचा स्वल्पविराम झालेला दिसेल. तिन्हींतलं एकच चित्र ठेवा.

पण खरी अडचण अक्षरांची आहे. 'गृहोद्योग'मध्ये वर मात्रा, खाली ऋकार, मध्ये 'द्यो'. वरखालची चिन्हं जवळपास निम्मी उंची खातात. 10 मिमीच्या पट्टीत मूळ अक्षराला 5-6 मिमीच उरतात. तो शब्द लोगोतून काढा आणि पाकिटावर वेगळा, साध्या फाँटात छापा ('मुक्त' किंवा 'बलू' नावाचा फाँट चालेल, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत). उरलेल्या नावात बोरूची बारीक टोकं जाड करून घ्या. क, ष, ळ यांच्या पोकळ्याही मोठ्या हव्यात. शिक्क्याची शाई पसरली की त्या आधी बुजतात.

छापील:
वरच्यांशी सहमत, थोडी छपाईची भर. सूर्याची पिवळ्यातून लाल होत जाणारी छटा पाउचवर निघेल, पण शिक्क्यात आणि पाटीच्या व्हिनाइल कटिंगमध्ये (एकरंगी चिकट पत्र्यातून आकार कापतात त्यात) नाही. सपाट रंगाची आवृत्ती आत्ताच मागा.

लाल पट्ट्यावर पांढरं नाव असेल तर तो लाल रंग मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी शाई एकावर एक छापून बनवू नका. एक रंग जरासा जरी सरकला तरी अक्षराच्या कडेला पिवळी झाक येते आणि बारीक रेघ गिळली जाते. लाल स्पॉट कलर (आधीच कालवलेली एकच शाई) घ्या, तिचा पँटोन क्रमांक (रंगांच्या प्रमाणित यादीतला) लिहून ठेवा, पांढरी रेघ 0.5 मिमीच्या खाली नको. आणि पाउच पारदर्शक आहे का? मग लोगोखाली पांढऱ्या शाईचा थर हवाच. नाहीतर आतला लाल मसालाच लोगोतून दिसतो आणि नाव त्यात विरघळतं. हे बहुतेकदा पहिला लॉट हातात आल्यावरच कळतं!

डीपी गोल कापला जातो, म्हणून सगळं काम चौकोनी फाइलच्या मधल्या 70 टक्क्यांत बसवा. चौकटीतला हिरवा गोल मात्र लोगोत कुठेच नको, शाकाहारी चिन्हाशी गोंधळ होईल.

दस्तऐवज:
फक्त जेपीजी घेऊन पैसे देऊ नका. कोरलड्रॉची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय फाइल, शिवाय एसव्हीजी आणि पीडीएफ मागा, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार). नाहीतर पाटीवाल्याकडे तो फाँट नसतो आणि जोडाक्षरं सुटी होतात.

कॉपीराइट लेखी आपल्या नावे करून घ्या. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती 5 वर्षंच धरतात, म्हणून 'संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द हवेत. ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग 30 मध्ये (मसाले त्यात येतात), आणि कृष्णधवल लोगोचा. रंगाची मर्यादा घातली नाही की नोंदणी सगळ्या रंगांना लागू होते.

वरवंटा:
आभार. डिझायनर म्हणतो, मिरची काढली तर मसाला आहे हे कळणार कसं?

शिरोरेघ:
पाकिटावर 'कांदा-लसूण मसाला' मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच की. धंदा सांगणं हे लोगोचं काम नाही. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ बघा, 1971 पासून आहे, त्यात ना नोट ना नाणं. उलट किराणा दुकानाच्या त्या फळीवर मिरची प्रत्येक पाकिटावर असते, तुमची वेगळी कशी ओळखणार? खलबत्ता ठेवा, पण बत्ता तिरका आणि जाड, एकाच बंद आकारात. मग पाच-सहा अनोळखी माणसांना पाच सेकंद दाखवून झाका आणि आठवणीतून काढायला सांगा. निम्म्यांना जरी खलबत्ता नीट जमला नाही, तरी आकार अजून सोपा करून घ्या.