बुजरा, बुजलेला की हुशार?

प्रश्न (रत्नागिरी): ग्राउझ या थंड प्रदेशातल्या रानपक्ष्यांवर मराठीत लेख लिहितोय. शिकारी टप्प्यात यायच्या आधीच उडणाऱ्या ग्राउझला 'बुजरा' म्हणावं का? मला हा शब्द पाहुण्यांसमोर न येणाऱ्या पोरांसाठीच माहीत.

उत्तर (कुडाळ): तुमच्या वाक्यात 'बुजलेला' बसेल. बुजरा हा स्वभाव झाला. बुजलेल्याला कोणीतरी बुजवलेलं असतं, बुजगावण्याचं काम तेच. आमचा रानकोंबडा जन्माचा बुजरा. पहाटे सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) कडेला चरताना दोन दाणे टिपले की मान वर. पाचोळा वाजला तर बहुतेकदा उडतही नाही, मान खाली घालून करवंदीच्या जाळीत पळतो. (मालवणीत 'कोंबो बुजलो'. त्याला मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, तरी फासक्या लागतातच.)

ग्राउझचं तसं नाही. स्कॉटलंडात लाल ग्राउझची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते. तेव्हा पक्षी बरेच जवळ येऊ देतात. हंगाम सरत जातो तसे मोठे थवे करून लांबूनच उठतात. उलट उत्तर अमेरिकेतला स्प्रूस ग्राउझ, माणसाचा त्रास नसलेल्या जंगलात, इतका निर्धास्त की लोक त्याला चक्क 'खुळी कोंबडी' म्हणतात. त्याला बुजरा कसं म्हणणार?

उत्तर (गुहागर): 'हुशार' विसरू नका. 'सावज हुशार झालं' म्हणजे त्याला अक्कल आली असं नव्हे, चाहूल लागली; अजून पळालेलं नाही. रफ्ड ग्राउझला हाच शब्द हवा. तुम्ही चालत असता तोवर तो दबून राहतो, तुम्ही थबकलात की धडधड पंख वाजवत उठतो. आपल्याला हेरलं, असंच त्याला वाटत असावं. वाऱ्याच्या दिवशी पानांच्या सळसळीत पावलं ऐकू येत नाहीत, मग पक्षी सगळ्यालाच बिचकतात. तिथे 'बिचकणे' लिहा. ते क्षणाचं असतं, बुजणं टिकतं.

प्रश्नकर्ता: आणि लावे? ते तर पाय पडेपर्यंत हलत नाहीत.

उत्तर (गुहागर): ते दबतात. दडायला आडोसा लागतो, दबायला नुसतं गवत पुरतं. आणि लेखात 'थवा उडाला' नको, 'थवा उठला' करा. आभाळातून जाणारे बगळे उडतात, जमिनीवरून भर्रकन निघालेले लावे उठतात.